व्यापार करारांना संसदेची मंजुरी लागते का?

परदेशांशी होणाऱ्या व्यापार करारांना संसदेची मंजुरी लागते का, आणि लागत नसेल तर आपण बोलायचं कुठे, असं तुम्ही विचारलंय.

लागत नाही. सही केंद्र सरकार करतं. करारापायी देशातला कायदा बदलावा लागला तरच संसदेचा संबंध येतो. राज्यघटनेच्या कलम २५३ मुळे तेव्हा ती राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. आयात शुल्क कमी करायला तर साधी अधिसूचना पुरते. शेती राज्यांकडे खरी, पण २००९ मध्ये केरळ सरकारने आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) बरोबरच्या कराराला कडाडून विरोध केला, तरी तो झालाच.

आम्ही लातूरकडचे, म्हणून सोयाबीनचं सांगतो. जागतिक व्यापार संघटनेत भारताने सोया तेलावरचं शुल्क ४५ टक्क्यांच्या वर नेणार नाही असं लिहून दिलंय. पाम तेलाला मात्र ३०० टक्क्यांची मोकळीक. हा फरक आमच्याकडे किती जणांना माहीत असेल? भाव पडला की आडतीवर सगळे कराराच्या नावाने शंख करतात. पण प्रत्यक्षातलं शुल्क ४५ च्याही बरंच खाली आहे, आणि ते ठरवतं दिल्लीच. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेल स्वस्त लागतं ना!

संसदेने मनावर घेतलं तर काय होतं ते पेटंट कायद्यात दिसतं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे औषधांना उत्पादन पेटंट, म्हणजे खुद्द औषधावरच पेटंट, देणं २००५ पासून भागच होतं. तेव्हाचं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं आणि ते अडून बसले. जुन्याच औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी ठरल्याशिवाय पेटंट नाही, असं कलम ३(ड) त्यातूनच आलं. त्याच कलमावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सरवरच्या ग्लिव्हेकसाठीचा नोव्हार्टिसचा दावा फेटाळला.

माझ्या मते बोलायचं ते सहीच्या आधी. आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या मोठ्या व्यापार कराराच्या वेळी न्यूझीलंडच्या दुधाच्या भीतीने दूध संघ आणि शेतकरी संघटना आधीच उठल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला भारत त्यातून बाहेर पडला. दूधवाल्यांची मतं गावोगाव आहेत, हेही त्यामागे होतंच.

तुमच्या खासदाराला लोकसभेत प्रश्न विचारायला लावा. वाणिज्य खात्याच्या संसदीय स्थायी समितीकडे लेखी निवेदनही देता येतं. फक्त कराराचा मसुदा वाटाघाटी चालू असताना जाहीर होत नाही, त्यामुळे निवेदन बातम्यांवरून बेतावं लागतं.