दहावीनंतरची त्रिकोणमिती घरी स्वतः शिकायची आहे, कुठलं पुस्तक घेऊ?

आधी विकत काहीच घेऊ नका. बालभारतीचं अकरावी सायन्सचं गणित भाग १ पीडीएफमध्ये फुकट मिळतं, त्यातले पहिले तीन धडे (कोन आणि त्याचं मापन, मग त्रिकोणमिती १ आणि २) हीच तुमची दहावीनंतरची पुढची पायरी. त्यातलं इंग्रजी जड जात असेल तर आधी दहावीच्या भूमितीतला त्रिकोणमितीचा धडा मराठीत एकदा वाचून काढा, दोन संध्याकाळींचं काम आहे. सोबत एनसीईआरटी अकरावीचा तिसरा धडा, सोडवलेली उदाहरणं तिथे छान आहेत. एस. एल. लोनीचं 'प्लेन ट्रिगोनॉमेट्री' हे जुनं पुस्तक सगळे सुचवतात, १८९३ चं आहे, इंटरनेट आर्काइव्हवर (archive.org) सापडतं, पण सुरुवातीला नकोच, दमछाक होते, मी स्वतः पन्नासेक पानांत गार पडलो होतो 😅

व्हिडिओ खान अकॅडमीचे बघा पण एक बघितला की वही उघडायचीच, नाहीतर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि येत काहीच नाही. युनिट सर्कल (त्रिज्या १ असलेलं वर्तुळ) जिओजेब्रा या गणिताच्या फुकट अ‍ॅपवर स्वतः बनवा, बिंदू फिरवला की साइन कॉस वरखाली होताना दिसतात, मग कुठे अधिक कुठे उणे ही चिन्हं पाठ करावी लागत नाहीत.

आणि उत्तर तपासायची सवय लावा. साइन ७५° म्हणजे साइन ४५° अधिक साइन ३०° असं बरेच जण करतात, ते येतं १.२०७, पण साइन १ च्या वर जातच नाही ना! खरं उत्तर ०.९६६. कॅल्क्युलेटरवर साइन ३० ला -०.९८८ दिसलं तर घाबरू नका, तो रेडियन मोडमध्ये आहे, म्हणजे कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककात धरतोय.