मनोविकार वॉर्डात बदली झाल्यापासून झोप उडाली आहे. नर्सने नोकरी सोडावी की पुढे शिकावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाल्यावर मेडिसिन वॉर्डात छान चाललं होतं. मग मनोविकार वॉर्डात बदली झाली, एक रुग्ण अंगावर धावून आला आणि तेव्हापासून नाईट असली की दुपारपासूनच पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात सोडून दे, मैत्रीण म्हणते एम.एस्सी. कर. मी याच कामात परिसेविका, म्हणजे वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. माझं मत विचाराल तर यातला कुठलाच निर्णय आत्ता घेऊ नका.

त्या दिवशी तुमच्याशी नंतर कोणी बोललं का? बहुतेक ठिकाणी रुग्णाला इंजेक्शन दिलं जातं, रिपोर्ट लिहिला जातो, ‘लागलं नाही ना?’ एवढं विचारून ओव्हर (पुढच्या पाळीसाठी वॉर्डाचा ताबा) घेतली जाते आणि सिस्टर घरी जाते. ती भीती मग घरी येते. म्हणून इनचार्ज सिस्टरना आणि त्या वेळी ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना सांगा, मला पंधरा मिनिटं बसून बोलायचंय. आधी काय दिसत होतं, कोण कुठे उभं होतं, पुढच्या वेळी काय करायचं, एवढंच. चूक कोणाची हा विषयच काढायचा नाही. आमच्याकडे प्रत्येक मोठ्या प्रसंगानंतर हे करतो आणि नवीन मुली टिकतात त्या यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरं, रुग्णाला शांत करण्याचं कौशल्य. जीएनएमला मानसिक आरोग्याचा विषय असतो, पण हे हाताला लागतं ते वॉर्डातच. ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढून खिशात. रुग्णापासून दोन हात अंतर, समोरासमोर न राहता थोडं तिरकं उभं राहायचं. दार आपल्यालाही मोकळं हवं आणि त्यालाही. बोलायचं एकानेच, हळू, नाव घेऊन. बाकीचे, म्हणजे वॉर्डातले मदतनीस मामा-मावशी, मागे थांबतील. येरझाऱ्या वाढल्या, मुठी आवळल्या, आवाज चढला, की तिथेच ओळखायचं. हे सरावाने येतं, आणि ते आलं की नाईटची धास्ती निम्मी होते. अनुभवी सिस्टरसोबत काही ड्युट्या मागून घ्या.

आणि कायदा वाचा, खरंच वाचा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 चं कलम 97 सांगतं की रुग्णाला एकट्याला कोंडणं चालतच नाही आणि बांधणं हे तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने, नोंद करून, गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून नाही. आणि केवळ स्टाफ कमी आहे म्हणून तर अजिबात नाही! हे वाक्य रुग्णासाठी आहे, पण रात्री एकटीवर अख्खा वॉर्ड टाकला जातो तेव्हा ते तुमच्याही कामाचं आहे. स्टाफ मागायचा अर्ज याच आधारावर लेखी द्या, पोच घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत बर्नआउटला, म्हणजे कामाने पार थकून जाण्याला, आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागेवरचा सततचा ताण नीट न हाताळला गेल्यामुळे होणारी स्थिती, असं म्हटलंय. तेव्हा ‘मीच कमकुवत’ हे डोक्यातून काढा. पण सुट्टीच्या दिवशीही झोप नसेल, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, जेवण जात नसेल, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. आपल्या दवाखान्याबाहेरचे बघा, मोकळेपणाने बोलता येतं. मध्यरात्री असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मोफत आणि चोवीस तास. तो आपल्यासाठीही आहे. आपण रोज नातेवाइकांना देतो आणि स्वतः कधी लावत नाही.

शिक्षणाचं आता. एम.एस्सी.ला आधी पदवी लागते, तो लांबचा रस्ता. जीएनएमनंतर मानसोपचार परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. बंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था यांची नावं त्यात जुनी आहेत. वर्षभर वॉर्डातच शिकायला मिळतं. पण वॉर्ड टाळण्यासाठी म्हणून जाऊ नका, कारण परत याल ते याच वॉर्डात. भीती थोडी ओसरली आणि तरीही या रुग्णांबद्दल आणखी जाणून घ्यावंसं वाटलं, तर बिनधास्त अर्ज करा. इथल्या अनुभवाचा दाखला मात्र आत्ताच मागून ठेवा. बदली झाली की त्यासाठी फार चकरा माराव्या लागतात.