चिपळूणचा स्वस्त फ्लॅट आत्ता घ्यावा का?

प्रश्न: वय ५२, नोकरी डोंबिवलीत, तिथे स्वतःचं घर आहे. चिपळूणला २८ लाखांत वन बीएचके मिळतोय. १० लाख हाताशी आहेत, १८ लाखांचं कर्ज काढेन. साठीनंतर तिकडेच राहायचंय, तोवर ७,००० भाडं येईल. घेऊ का?

उत्तर: आत्ता नको.

डोंबिवलीच्या भावाशी तुलना केली की २८ लाख किरकोळ वाटतात. पण भाव कमी आहे, कारण घेणारे कमी आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. तरुण मुंबई-पुण्याला जातात, घरं मात्र जागेवरच राहतात. उद्या आजारपणात पैसे लागले आणि फ्लॅट विकायला काढला, तर गिऱ्हाईक कधी मिळेल याचा भरवसा नाही. गणपतीत चौकशीला येणारे चाकरमानी बरेच असतात, इसार देणारे थोडे!

आता हिशेब. १८ लाख, ८ वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता सुमारे २५,९०० रुपये. वर्षाचं भाडं ८४,०००. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि फ्लॅट रिकामा राहिलेला महिना-दीड महिना वजा केला, तर हातात ६४,००० उरतील. म्हणजे २८ लाखांवर जेमतेम सव्वादोन टक्के. बँकेतली ठेवसुद्धा याहून बरी. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळाच.

हप्त्यातून भाडं वजा जाता तुमच्या खिशातून महिन्याला २०,००० हून जास्त जाणार. तेच २०,००० आठ वर्षं बाजूला टाका. व्याज न धरताही १९.२० लाख होतात, हातातले १० लाख धरून २९.२० लाख. भाव थोडे चढले तरी या पैशावरचं व्याज ती तूट बऱ्यापैकी भरून काढेल. साठीला बिनकर्जाचं घर, तेही तेव्हा निवडून घेता येईल. (गावच्या घराच्या सामाईक सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल, तर वाटणीचं आधी बघा. भाऊबंदांच्या सह्या मिळायला वर्षं जातात.)

माझ्या मते एकाच परिस्थितीत आत्ता घ्यावं: पत्नी किंवा आईवडील लगेच तिथे राहायला जाणार असतील तर. तेव्हाही तळमजला नको. २००५ आणि २०२१, दोन्ही वेळा वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं होतं. जुलै २०२१ मध्ये त्या इमारतीत पाणी कुठवर आलं, विजेचे मीटर कुठे आहेत, हे बिल्डरला नव्हे, समोरच्या दुकानदाराला विचारा.