मुलं खूप आवडतात म्हणून बालमानसोपचाराच्या क्षेत्रात करिअर करावं का?

तुमचं एम.ए. सायकॉलॉजी होत आलंय, मुलांची आवड आहे, आणि लहान मुलं, त्यांचे आईवडील आणि बालवाडीच्या बाई यांच्यासोबत थेरपिस्ट म्हणून काम करायचंय. म्हणून तुम्ही विचारलंय की कोर्स कोणता, पैसे किती, आणि रोज दुसऱ्यांची दुःखं ऐकून त्रास होत नाही का. शेवटचा प्रश्न आधी उरकते. त्रास होतो, झोपही लागते. बाकीच्या दोन्हींकडे येईन, पण त्याआधी मुलांच्या आवडीबद्दल बोलायचंय.

मुलं कोणाला आवडत नाहीत? आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही आवडतात. या कामात मूल तुमच्यासमोर आठवड्यातून पाऊण तास असतं. उरलेला आठवडा ते आई, आजी, व्हॅनवाले काका आणि बालवाडीच्या बाई यांच्या हवाली. तेव्हा तुम्हाला मुलांच्या आया आवडतात का ते बघा. "मॅडम, अजून किती सेशन लागतील?" असं प्रत्येक वेळी दारात उभं राहून विचारणारे बाबा सहन होतात का ते बघा. आणि घसा बसलेली, पगार किती हे सांगायला लाजणारी, वर्गातल्या दोन पोरांची नाकं पुसत तुमच्याशी बोलणारी बाई तुम्हाला बरोबरीची वाटते का, हे तर नक्कीच बघा. वाटत नसेल तर मोठ्या माणसांची थेरपी करा. तीही चांगली असते.

एवढं ठासून सांगते, कारण सुरुवातीला मी जिथे नोकरीला होते तिथल्या वरिष्ठांशी माझं याच मुद्द्यावरून वाजलं होतं. ते आता रिटायर झालेत, वाद मात्र अजून रिटायर झालेला नाही. सरांचं म्हणणं असं, की थेरपिस्टनं आपली खोली सोडायची नाही. पेशंट आपल्याकडे येतो. शाळेत जाऊन बाईंना समजावत बसणं ही समाजसेवा, ती करायला संस्था आहेत. माणूस हुशार, वाचन दांडगं, पण या बाबतीत हटवादी.

त्याच सुमारास माझ्याकडे साडेचार वर्षांची एक मुलगी आली. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. वडील नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात, कुटुंब मूळचं धुळ्याकडचं, घरात सगळे अहिराणी बोलणारे. पोरीला घातलेलं इंग्रजी माध्यमाच्या केजीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून दिवाळीपर्यंत तिनं शाळेत एक शब्द उच्चारला नव्हता. शूला लागली तरी सांगायची नाही, फ्रॉक ओला व्हायचा, मग बाई चिडायच्या. शाळेनं सुचवलं होतं की हिला स्पेशल स्कूलमध्ये न्या. वडिलांच्या मते पोरगी हट्टी. आजीच्या मते नजर लागलेली.

आईनं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. ओट्यावर बसून ही बया धाकट्या भावाला झापतेय, त्याच्या हातातली बाहुली हिसकावून घेत ठणकावतेय, "हाई मनी शे!" म्हणजे ही माझी आहे. आवाज असा की शेजारी दार उघडावं. आई म्हणाली, "घरात तिचं तोंड बंद होत नाही मॅडम, मी खोटं सांगते असं शाळेला वाटतं."

मानसशास्त्र शिकलेल्याला हे ऐकून सिलेक्टिव्ह म्युटिझम आठवणारच, म्हणजे घरी बोलणाऱ्या मुलाला ठरावीक ठिकाणी बोलताच न येणं. तरी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत, कारण त्या काळात पुष्कळ मुलं गप्प असतात. आणि केवळ भाषा येत नाही म्हणून गप्प असलेलं मूल यात बसत नाही. ही मुलगी गल्लीतल्या दुकानदारापुढे, वडिलांच्या मित्रापुढे, अगदी अहिराणी बोलणाऱ्या लांबच्या मामापुढेही गप्प व्हायची. म्हणजे प्रश्न इंग्रजीचा नव्हता, आणि हट्टाचाही नव्हता. ही मुलं बोलायचं नाही असं ठरवून बसत नाहीत. भीतीनं त्यांचा आवाजच निघत नाही.

माझ्या खोलीत ती आईच्या कानात कुजबुजायची आणि मातीच्या पोळ्या लाटायची. सर म्हणाले, प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार, चालू ठेव, येईल हळूहळू. आलीही असती. वर्षभरात माझ्याशी बोलली असती, मी फाइलमध्ये 'प्रगती' लिहिलं असतं. पण तिला माझ्याशी बोलून करायचं काय होतं? तिला वर्गातल्या बाईंना "शूला जायचंय" एवढं सांगता यायला हवं होतं. म्हणून मी शाळेत गेले.

बाईंनी पहिल्या भेटीत मला पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. "मला शिकवायला आलात का?" थेट हाच प्रश्न. मी म्हटलं, विचारायला आले. ती कोणाकडे बघते, कोणाजवळ बसते, डबा खाते का, हे मला काही माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मग चहा आला. चहा संपता संपता बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एकेक घुमं पोर मी बोलतं केलं. हिनं माझं नाक कापलं." रोज सकाळी त्या तिला सगळ्यांपुढे उभं करून गुड मॉर्निंग म्हणायला सांगायच्या आणि थांबायच्या. चॉकलेटचं आमिष दाखवून झालं होतं, डबा मिळणार नाही असा दमही देऊन झाला होता. आता तर वर्गातली मुलंच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "टीचर, ती मुकी आहे." (जाता जाता सांगते. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ नको, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगतं. पण तो २००९ चा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा. साडेचार वर्षांची पोर त्यात बसत नाही. तेव्हा कायद्याचा धाक दाखवून बालवाडीत काही होत नसतं, आणि होत असतं तरी मी दाखवला नसता.)

आम्ही ठरवलं ते असं. तिला बोलायला सांगणं पूर्ण बंद. तिच्याजवळ बसून आपणच बोलायचं, "लाल पेला घेतलास का, बरं." प्रश्न विचारायचाच तर बोट दाखवून उत्तर देता येईल असा. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ती आणि आई भातुकली खेळणार. ती आईशी मोकळेपणानं बोलायला लागली की बाई फक्त दारावरून जाणार. मग दारात थांबणार, मग आत येऊन आपलं काम करत बसणार. पुढची पायरी घ्यायची की नाही, ते तिच्या आवाजावरून ठरवायचं. पुस्तकातली पद्धत आहे ही, माझं त्यात काही नाही.

पुस्तकात नव्हतं ते बाईंनी केलं. आत येऊन बसायची वेळ आली तेव्हा त्या तिच्याकडे पाठ करून बसल्या आणि बोर्डासाठी घोटीव कागदाचे ससे कापायला लागल्या. मला हे सुचलं नव्हतं. तोंडाकडे बघणारं कोणी नाही, कात्रीचा आवाज चालू, अशा खोलीत बोलणं तिला सोपं गेलं. दुसरी गोष्ट कळली ती शाळेतल्या मावशींकडून. मावशी अमळनेरच्या, म्हणजे अहिराणीच बोलणाऱ्या. एकदा बेसिनपाशी हात धुताना पोरगी त्यांच्या पदराला धरून हळूच पाणी मागून गेली होती. मावशींनी कोणाला सांगितलं नाही. का, तर "त्यात काय सांगायचं? आणि मला कोणी विचारलं होतं?" एवढ्या मोठ्या शाळेत पोरगी ज्या एका बाईशी बोलली होती, तिला मीटिंगला बोलवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं! त्या दिवसापासून भातुकलीच्या तिसऱ्या भिडू मावशी.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. भर वर्गात एका मुलानं तिच्यासमोरची बशी उचलली आणि ही ओरडली, "हाई मनी शे!" बाईंना मी बजावून ठेवलं होतं की बोलली तर टाळ्या नकोत, कौतुक नको, वळूनही बघू नका. बाई वळल्या नाहीत. नंतर सांगत होत्या, "नाही वळले मॅडम, पण सशाचा कान कापला गेला." तो एककानी ससा वर्षभर बोर्डावर होता.

पुढे सगळं झटपट झालं असं समजू नका. इंग्रजी कविता तिनं त्या वर्षी म्हटली नाही ती नाहीच. पण शूला जायचंय हे सांगायला लागली, आणि स्पेशल स्कूलचा विषय बंद झाला.

महिनाअखेरीस आमच्याकडे कामाच्या तासांचा तक्ता निघायचा. माझ्या शाळेतल्या दुपारी त्यात 'रिकामा वेळ' म्हणून लागल्या. मी भांडायला गेले. सर शांतपणे म्हणाले, "हे सगळं चांगलंच आहे, पण यात थेरपी कुठे आहे?"

सरांच्या तोंडी सतत विनिकॉट असायचे, म्हणजे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. विनिकॉट म्हणायचे, एकटं बाळ असं काही नसतंच, बाळाबरोबर सांभाळणारं माणूस आलंच. सर हे वाक्य प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकवायचे. पण दुसऱ्या महायुद्धात लंडनहून हलवलेल्या मुलांची ऑक्सफर्डशायरमध्ये जी वसतिगृहं होती, तिथे हेच विनिकॉट दर आठवड्याला जायचे आणि मुलांना सांभाळणाऱ्या तिथल्या माणसांशी बोलत बसायचे, हे सर कधी सांगायचे नाहीत. बीबीसीवरून साध्या भाषेत आयांशी बोलायचे तेही हेच गृहस्थ. मग त्यांचाही तो रिकामा वेळ धरायचा का?

आणि लंडनपर्यंत तरी कशाला जायचं? १९४५ साली बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. मानसोपचाराची पदवी ताराबाईंकडे नव्हती. पण मूल जिथे आहे तिथे जायचं असतं, हे आमच्या सरांना पटलं नाही ते त्यांना कितीतरी आधी कळलं होतं.

अंगणवाडी सेविकांबद्दलही एक सांगते. त्यांना कामं किती बघा. वजनं घ्या, घरपोच आहार वाटा, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर माहिती भरा, सर्व्हे करा, आणि उरलेल्या वेळात पूर्वप्राथमिक शिक्षण द्या. त्यात आमच्यासारखे जाऊन 'बालकाचा भावनिक विकास' यावर स्लाइड दाखवणार, शाल-श्रीफळ घेणार आणि घरी येणार. अशा कार्यशाळेनं काही होत नाही. मी त्या बंद केल्या. त्याऐवजी दर महिन्याला त्याच सात-आठ जणी गोल करून बसतो आणि एकीनं एकाच मुलाबद्दल बोलायचं. कोणत्या घरात कोण पितं, कोणाची सून माहेरी गेलीय, कोणतं पोर अचानक चावायला लागलंय, हे त्यांना आधी कळतं. आपण कान उघडे ठेवायचे.

आता तुमचे प्रश्न. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. आतापर्यंत त्याचा रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जायचा. यूजीसीनं २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केलं आणि क्लिनिकलला २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत सवलत दिली. तेव्हा सध्या कोणता अभ्यासक्रम मान्य आहे ते परिषदेच्या साइटवर स्वतः बघा, क्लासवाल्यांच्या तोंडाकडे बघू नका. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन 'प्ले थेरपी' सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका. त्यापेक्षा वर्षभर एखाद्या बालवाडीत मदतनीस म्हणून बसा. पैसे पहिली काही वर्षं कमीच. घरभाडं दुसऱ्या कोणाच्या पगारातून जात असेल तर निभतं. माझं तसंच निभलं आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

इतकं लिहिल्यावर हेही सांगायला हवं. प्रत्येक गप्प मूल म्हणजे हा आजार नव्हे. आधी कानाची तपासणी, मग बाकीचा विकास बघायचा, आणि स्वमग्नतेची शंका असली तर डॉक्टरकडे पाठवायला उशीर करायचा नाही. मी औषधं देत नाही, पण काही मुलांना ती लागतात. आणि मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर गोपनीयता तिथे संपते, पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. सरांचंही एक खरं होतं. खोलीतलं शिस्तीचं काम आधी पक्कं झालेलं नसेल तर शाळेत जाऊन माणूस नुसता गप्पा मारून येतो.

पण नोकरीच्या मुलाखतीला गेलात तर पगाराआधी एक विचारा, बालवाडीत जाऊन बाईंशी बोललेला वेळ तुमच्याकडे कामाच्या तासांत धरतात का? "बघू" म्हणाले तर तिथे जाऊ नका. मला "बघू"च म्हणाले होते.