तीच सिंफनी, पुन्हा पैसे?

या वेळी पत्रांचा ढीग एकाच विषयावर आलाय, मागच्या अंकात मी 'रिमास्टर' हा शब्द सहज वापरला आणि आता भोगतोय. चार पत्रं निवडलीत. बाकीच्यांनी रागवू नका, बऱ्याच जणांचं उत्तर यातच कुठेतरी सापडेल.

प्रश्न: काका नमस्कार. माझ्याकडे कंडक्टर कार्लोस क्लायबरची बेथोवनची पाचवी आणि सातवी सिंफनी आहे, व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राची, १९९५ साली 'ओरिजिनल्स' मालिकेत निघालेली सीडी. मुंबईला गेलो होतो तेव्हा ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली, आता ते दुकानच नाही, असो. त्यानंतर तेच रेकॉर्डिंग एसएसीडीवर (खास प्लेअर लागणारी वरच्या दर्जाची सीडी) आलं, मग हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईनं उतरवलेल्या फाइलचं, डाउनलोड आलं, आता परत एलपी आलीय आणि प्रत्येक वेळी वर 'रिमास्टर्ड' छापलेलं. बायको म्हणते, तोच माणूस तेच वाजवतोय ना, मग परत पैसे कशाला? मला उत्तर देता आलं नाही. घेऊ का नको?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: वहिनींचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा चांगला आहे, म्हणून आधी त्यांना उत्तर देतो. हो वहिनी, तोच माणूस तेच वाजवतोय. पाचवी १९७४ची, सातवी १९७५-७६ची, व्हिएन्नात मुझिकफेराइनच्या हॉलमध्ये जे टेपवर उतरलं ते उतरलं, त्यात आता एक सूर कमीजास्त होत नाही. रिमास्टर करणारा माणूस काय करतो तर तिजोरीतून ती टेप काढतो, टेपला जिथे जिथे कापून चिकटवलंय ते जोड बघतो (जुना गोंद वाळलेला असतो, टेप फिरवली की जोड सुटतात), मशीनचं हेड त्या टेपशी बरोबर जुळवून घेतो, मग ती वाजवून डिजिटलमध्ये घेतो आणि त्यानंतर खरखर, वरचे-खालचे सूर, आवाजाची पातळी यात हात घालतो. खरी गंमत आणि खरा घोळ दोन्ही या शेवटच्या पायरीवर होतात.

पण त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे टेप कुठली. मूळ मास्टर, तिची कॉपी, त्या कॉपीवरून एलपीची खाच कापण्यासाठी केलेली अजून एक कॉपी जिच्यात सुईला झेपावं म्हणून बास आधीच कमी केलेला, असं सगळं घराणंच असतं एकेका रेकॉर्डिंगचं. १९८२ला सीडी बाजारात आली तेव्हा कंपन्यांना घाई होती आणि सुरुवातीच्या बऱ्याच सीड्या हाताला लागेल त्या कॉपीवरून निघाल्या, त्या पातळ आणि कर्कश वाटतात त्याचं अर्धं कारण हे आहे, लोक मात्र बिचाऱ्या डिजिटलला शिव्या घालतात. म्हणून 'रिमास्टर्ड' या शब्दाला काडीची किंमत देऊ नका, मागे बारीक अक्षरात मूळ टेपवरून म्हटलंय का आणि कोणत्या साली ते बघा. गोलातला 'पी' असतो तो ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं साल सांगतो, गोलातला 'सी' नुसता वेष्टनाचा आणि छापील मजकुराचा. मला एका दुकानदारानं एकदा 'नवीन रिमास्टर आलंय' म्हणून एक सिंफनी दिली, घरी येऊन बघतो तर नवा होता तो फक्त 'सी', आतली चकती माझ्या कपाटात होती तीच. साडेसातशे रुपये गेले, त्यापेक्षा जास्त लागलं ते हे की तो माणूस माझा दोस्त होता.

आता खरखर. आमच्या आजीचा पितळेचा तांब्या होता, तिचं नाव कोरलेला. चिंचेनं घासला की लख्ख व्हायचा. पुढे एका उत्साही नातेवाइकानं तो तारेच्या घासणीनं इतका घासला की चकाकी आली आणि नाव गेलं. टेपच्या हिसचं, म्हणजे मागे सतत येणाऱ्या 'स्स्स' अशा खरखरीचं, अगदी हेच आहे. ती हिस आणि व्हायोलिनच्या वरच्या स्वरांची झळाळी आणि हॉलमधली हवा, तिन्ही एकाच उंचीवर राहतात, एकाला हाकललं की बाकीचे दोघं पण सामान बांधतात. आपल्याकडच्या जुन्या ध्वनिमुद्रिका साफ करताना तानपुऱ्याची जवारी पुसली गेलेली ज्यांनी ऐकलीय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. थोडी हिस ऐकू येतेय म्हणजे इंजिनिअर शहाणा आहे असं समजा.

आणि सगळ्यात मोठी फसवणूक आवाजाच्या पातळीची. दोन कॉपी एकामागून एक लावल्या आणि दुसरी किंचित मोठी असली तर कान लगेच म्हणतो वा, काय सुधारलंय, खरं तर काही सुधारलेलं नसतं. फोनवर आवाज मोजायचं फुकट अॅप मिळतं, एकाच जागी ठेवून दोन्हीचा आवाज सारखा करून घ्या आणि मग पाचवीतली एकच जागा ऐका, तिसऱ्या भागातून चौथ्यात जातो ती. व्हायोलिन, चेलो सगळे श्वास रोखून एक लांब स्वर धरून बसलेत, खाली टिंपनीवर नुसत्या हलक्या टपल्या, टप टप टप, जवळजवळ ऐकूच येत नाहीत, मग हळूहळू वर चढत चढत एकदम सी मेजरचा स्फोट आणि तिथे ट्रॉम्बोन पहिल्यांदा तोंड उघडतात, तोपर्यंत सिंफनीभर गप्प होते. चांगल्या मास्टरमध्ये तुम्ही त्या टपल्यांसाठी पुढे वाकता आणि स्फोट झाला की मागे फेकले जाता. पातळी दाबून सपाट केलेल्या मास्टरमध्ये टपल्या पण मोठ्या, स्फोट पण बेताचा, सगळं एका मापाचं, गणपतीच्या मांडवातल्या स्पीकरसारखं. एवढी दीड मिनिटं ऐकली की निकाल लागतो, अख्खी सिंफनी ऐकायची गरज नाही.

तुमचं म्हणाल तर १९९५ची विकू नका. माझ्या कानाला ती वरच्या अंगाला जरा टोकदार वाटते पण त्यात ऊर्जा आहे. २००३ची एसएसीडी जास्त मोकळी आहे, तिचा प्लेअर असेल आणि चकती रास्त भावात मिळाली तर घ्या, नुसत्या तिच्यासाठी प्लेअर घेणं म्हणजे घोड्यासाठी पागा बांधण्यासारखं. एलपीचं म्हणाल तर डॉइश ग्रामोफोन कंपनीनं २०२३ पासून 'ओरिजिनल सोर्स' नावानं जी मालिका काढलीय तिच्यात काम खरंच वेगळं आहे, सत्तरच्या दशकातल्या मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (वेगवेगळे आवाज वेगळ्या पट्ट्यांवर घेतलेली टेप) मधली स्टिरिओ कॉपी वगळून थेट लाकरवर, म्हणजे जिच्यावरून एलपीचा साचा बनतो त्या चकतीवर, कापतात, म्हणजे कापता कापता मिक्स करायचं, चुकलं की ती बाजू परत पहिल्यापासून. क्लायबरची सातवी त्यात आहे. पण टर्नटेबल साधा असेल तर ते पैसे कार्ट्रिजवर (सुई बसवलेला छोटा भाग) घाला, घरातल्या सगळ्याच एलपी रिमास्टर झाल्यासारख्या वाटतील. हे वहिनींना सांगा, त्यांना पटेल.

प्रश्न: काका, बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात जर्मन कंडक्टर फुर्टवेंग्लरच्या एलपी आहेत, एकीवर मोठ्या अक्षरात 'स्टिरिओ' लिहिलंय पण ऐकताना डावीकडे नुसता दमदमाट आणि उजवीकडे नुसता चिवचिवाट येतो. खराब झालीय का? आणि बाबांची फार आवडती, जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवातली बेथोवनची नववी आहे, त्याची चांगली रिमास्टर सीडी घ्यायची तर कोणती?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, एलपी खराब नाही, मुळातच थापेबाज आहे. फुर्टवेंग्लर गेला नोव्हेंबर १९५४ मध्ये आणि स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ला, आता तुम्हीच हिशोब करा. साठच्या दशकात मोनो रेकॉर्ड कुणी घेईनात म्हणून कंपन्यांनी जुन्या मोनोमधले (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) खालचे सूर एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला ढकलले, वरून थोडा प्रतिध्वनी शिंपडला आणि 'स्टिरिओ' छापून विकलं. अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, दोन्ही तुकडे परत एकत्र येतील, अगदी मूळ नाही पण बरंच बरं वाटेल. आणि सीडी घेताना या माणसाच्या नावापुढे मोनो लिहिलेलंच घ्यायचं.

बायरॉइटची नववी मात्र रिमास्टरच्या पलीकडची भानगड आहे. २९ जुलै १९५१, युद्धानंतर तिथला महोत्सव पहिल्यांदा उघडला त्याचा दिवस. आपण सगळे जी ऐकत मोठे झालो ती ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं फुर्टवेंग्लर गेल्यावर १९५५ला काढलेली, आणि पन्नास वर्षं सगळे समजत होते हीच ती मैफल. मग बव्हेरियन रेडिओच्या टेपवरून ऑर्फेओ कंपनीनं सीडी काढली आणि लोकांनी शेजारी शेजारी लावून बघितलं तर दोन्ही जागोजागी वेगळ्या! ईएमआयच्या आवृत्तीत तालमीतले तुकडे जोडलेत असं बऱ्याच जाणकारांचं मत झालं, भांडणं अजून चालू आहेत. २०२१ला बीआयएस या स्वीडिश कंपनीनं स्वीडिश रेडिओवर त्या रात्री जसं थेट ऐकू आलं तसंच, निवेदनासकट आणि मधल्या शांततेसकट काढलं.

म्हणून माझं ऐका, तुम्हाला जे ऐकायचंय ते बाबांचं ऐकणं आहे. बाबांनी ऐकली ती ईएमआयची, तीच घ्या, त्याच टेपवरून निघालेली कुठलीही अलीकडची मोनो आवृत्ती चालेल. दुसरी, रेडिओवाली, नंतर कधीतरी, ती वेगळी मैफल समजून. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा खोकण्याचे आवाज, खुर्च्यांचे आवाज येतील, ते काढून टाकलेली आवृत्ती शोधू नका.

प्रश्न: नमस्कार. आमच्या घरात प्रत्येकानं कधी ना कधी व्हायोलिन धरलंय, मीही शाळेत असताना, त्यामुळे कान बरा आहे असं वाटत होतं. कंडक्टर इश्टव्हान केर्टेशची द्वोर्झाकची आठवी सिंफनी, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राची, नवीन हाय-रेझ फाइल घेतली आणि त्याच महिन्यात सबवूफर, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर. आता हळुवार जागी खालून गडगड येते, येते आणि जाते. वायरिंग दोनदा तपासलं, इलेक्ट्रिशियननं पैसे घेतले आणि काही नाही म्हणाला. जुन्या कॅसेटवर हे कधीच नव्हतं. रिमास्टर बिघडवलंय का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: इलेक्ट्रिशियन खरं बोलला. तुमच्या घरातून बहुतेक लंडनची मेट्रो जातेय.

डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं केर्टेशबरोबर द्वोर्झाकच्या सगळ्या सिंफन्या १९६३ ते १९६६ या काळात केल्या त्या लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये. १९१२ला बांधलेला मेथडिस्ट मंडळींचा हॉल, उतरती जमीन, बाहेरून कळकट, पण आवाज असा की डेक्का आणि ईएमआय दोघंही तारखांसाठी रांग लावायचे. आणि खाली पिकॅडिली लाइनची भुयारी गाडी. घेताना गाडी गेली की कधी परत घ्यायचे, पण एखादा टेक इतका सुंदर जमलेला असायचा की गाडीसकट ठेवून द्यायचे, आणि बरोबर करायचे. एलपी कापताना अगदी खालचा बास छाटायचे, तुमच्या कॅसेटला तो झेपतच नव्हता, त्यामुळे गाडी टेपवर असून कुणाला दिसली नाही. आता फाइलमध्ये सगळं उतरलंय आणि तुम्ही नेमका सबवूफर आणलात. नवीन मास्टरिंग करणाऱ्यानं ती छाटली नाही याबद्दल मी तर त्याला चहा पाजीन, कारण ती गडगड जिथे राहते तिथेच डबल बेसच्या खालच्या तारेखालची थरथर पण राहते. फारच त्रास होत असेल तर सबवूफर जरा खाली करा, फाइल परत करू नका.

हॉलमधली रेकॉर्डिंग १९८४ला थांबली, १९९८ला इमारत पाडली. केर्टेश तर १९७३लाच गेला, इस्रायलच्या किनाऱ्यावर पोहताना बुडाला, त्रेचाळीस वर्षांचा होता. गाडी तेवढी तुमच्या हॉलमध्ये अजून धावतेय.

प्रश्न: कंडक्टर ऑटो क्लेम्परेरच्या सिंफनी रेकॉर्डिंगचा ९५ सीडींचा रिमास्टर बॉक्स निघालाय. एकदम घेऊ की सुट्या? नाशिकला दमट हवा नाही पण मुलगा ठाण्याला आहे, शेवटी त्याच्याकडेच जाणार.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आठवड्याला एक ऐकलीत तरी जवळजवळ दोन वर्षं लागतील, आणि तुम्ही आठवड्याला एक ऐकणार नाही, मी ओळखतो आपल्या जमातीला. बॉक्स वॉर्नर कंपनीनं २०२३ला काढलाय, काम फ्रान्समधल्या आर्ट अँड सन स्टुडिओचं आहे आणि चांगलं आहे, एका सीडीचा भाव काढला तर स्वस्तच पडतो. पण आधी त्यातली संगीतकार मालरची दुसरी सिंफनी, १९६१-६२ची, स्ट्रीमिंगवर ऐका. क्लेम्परेरला १९०७ला प्रागची पहिली नोकरी मालरच्या शिफारशीवर मिळालेली, तो मालरला रडवेला करत नाही, सरळ चालत जातो. आणि तीच सिंफनी आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर १९७५ला केलेली पण ऐका, ती आग आहे. ते रेकॉर्डिंग झालं त्या व्हिएन्नातल्या हॉलला, झोफियनझालला, २००१ला खरोखरच आग लागली, ते सोडा. दोन्ही ऐकून क्लेम्परेरकडे ओढ वाटली तर बॉक्स घ्या, मेहतांकडे वाटली तर तुमचे बरेच पैसे वाचले.

ठाण्याला पाठवाल तेव्हा सीडीपेक्षा पुस्तिकेची काळजी करा, आधी बुरशी तिला धरते. औषधांच्या आणि बुटांच्या डब्यात त्या सिलिका जेलच्या पुड्या येतात ना, फेकू नका, बॉक्समध्ये टाका आणि दर जूनला बदला, आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका म्हणावं मुलाला.