माळ्यावरची ती गाडी दादाकडे सरळ माग

पत्र बरंच मोठं आहे, थोडक्यात सांगते. लिहिणारी 48 वर्षांची, माहेर सिंधुदुर्गातलं, आता डोंबिवलीत. 1986 च्या मे महिन्यात मस्कतहून मामा आला, त्याने दादासाठी टामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर गाडी आणली, रिमोटवर चालणारी, आणि हिच्यासाठी फ्रॉकचं कापड. गाडी खळ्यात धावायची, उलटली की पळत जाऊन सरळ करायची ती हिने, रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची तीही हिनेच. रिमोट एकदाही हातात मिळाला नाही. गेल्या अकरा वर्षांत स्वतःच्या पगारातून हिने त्या काळातल्या चौदा गाड्या जमवल्यात आणि दिवाणात ठेवल्यात. नवऱ्याला तीन-चारच माहीत होत्या. मागच्या महिन्यात जपानहून पार्सल आलं, कुरिअरवाला कस्टम ड्युटीचे पैसे मागायला दारात, आणि घरी नेमका नवरा. तो ओरडला नाही, गप्प झाला, अजून गप्पच आहे. त्यात गणपतीनंतर गावचं घर विकायचं ठरलंय आणि दादा म्हणतो माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याला देऊन टाकू. ती गाडी माळ्यावरच आहे. हिचा प्रश्न असा: "या वयात एका खेळण्यासाठी दादाकडे तोंड उघडणं शोभतं का? की आहेत त्या चौदाही विकून टाकू आणि विषय संपवू?"

अगं, शोभण्याचं आधी बाजूला ठेव. तुझ्या पत्रात चौदा गाड्यांबद्दल मिळून सहा ओळी आहेत आणि त्या एका गाडीबद्दल दीड पान. तू लिहिलंयस की पुढचा बंपर डावीकडे फुटला होता तो मामाने तारेने बांधला होता, आणि गाडी फणसाच्या मुळावरून गेली की आतला प्लास्टिकचा ड्रायव्हर मान हलवायचा. चाळीस वर्षांनी माणसाला तारेचा पीळ कुठल्या बाजूला होता ते आठवतंय तर ते खेळण्याचं वेड नाही गं, तुझं तिथे काहीतरी राहिलंय आणि ते आणायला तू अकरा वर्षं दुसरीकडेच फिरतेयस.

हे मी एवढ्या ठामपणे का म्हणते तर आमच्या ह्यांना हाच नाद होता. ते गेले तेव्हा कपाटात बावीस गाड्या निघाल्या. त्यामुळे या गाड्यांची नावं मला तोंडपाठ आहेत, आणि तुझ्या नवऱ्याच्या जागी मी होते हेही खरं. मला पैशांचा राग नव्हता आला, पावत्यांची फाईल सापडली तेव्हासुद्धा नाही. लागलं ते वेगळंच, की हा माणूस रात्री जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून एकेक चाक पुसत बसायचा आणि मी पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत असायचे, ऑफिसचं काम चाललंय असं समजून. मला बोलावलं असतं तर मी बसले असते. चाकं पुसायला काय लागतं! तुझा नवरा गप्प आहे तो मला वाटतं यातच कुठेतरी अडकलाय. त्याला "आता नाही घेणार" असं वचन देऊ नकोस, ते तू पाळणार नाहीस. एका कागदावर चौदाही गाड्या लिही, कुठली कधी घेतली, किती पडली, ड्युटी धरून, आणि तो कागद त्याच्या हातात दे. ड्युटी विसरू नकोस, खेळण्यांवरचा आयात कर 2020 ला वीसचा साठ टक्के झाला आणि 2023 ला सत्तर, म्हणजे तुझ्या मागच्या दोन-तीन गाड्यांना ड्युटी बरीच पडली असणार, ते त्याने दुसऱ्या कुणाकडून ऐकायला नको. मग दिवाण उघड आणि एक गाडी त्याच्या हातात दे. कुठली ते तूच ठरव. तुझ्याकडे वाइल्ड विली आहे ना, 1982 ची जीप, पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर पळते ती? ती दे. ती पळताना बघून गप्प राहणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

आता चौदा विकायचं. आज एकही विकू नकोस आणि गणपतीपर्यंत एकही घेऊ नकोस. तूच लिहिलंयस की 2005 साली कंपनीने ग्रासहॉपर पुन्हा काढली ती तुझ्याकडे आहे, नवीकोरी, आणि दुसऱ्याच दिवशी तू ती खोक्यात परत ठेवलीस कारण "तीच आहे पण ती नाही". बरोबर आहे तुझं. मूळची 1984 ची गाडी आणि ही पुन्हा काढलेली गाडी दिसायला सारख्याच, मागचा आख्खा आस एकसंध तोही तसाच, म्हणून तर खडबडीत जमिनीवर ती टुणटुण उडते. पण तुला उडणारी गाडी कुठे हवी होती, तुला दादाच्या हातातला रिमोट हवा होता, आणि तो कुठल्या जपानी लिलावात मिळणार नाही. तो मिळाला, किंवा नाही मिळणार हे एकदा पक्कं कळलं, की चौदातल्या कुठल्या आवडीच्या आणि कुठल्या नुसत्या भूक म्हणून आणलेल्या हे तुझं तुलाच दिसेल.

तर दादाला फोन कर. या आठवड्यात, आणि व्हॉट्सॲपवर नको, तिथे तो अंगठा पाठवून मोकळा होईल. फोनवर एवढंच बोल की "दादा, माळ्यावरची मामाने आणलेली गाडी भंगारात देऊ नको, ती मला हवी आहे." बस. त्या वाक्याला "म्हणजे तुला चालत असेल तर" असं शेपूट लावू नकोस, आपल्याला ती सवय असते. आणि फ्रॉकच्या कापडाचा हिशोब त्याच फोनवर काढू नकोस. तो तेव्हा तेरा वर्षांचा पोरगा होता, त्याला वाटलं गाडी माझी. अन्याय झाला तुझ्यावर, मी तो कमी करून सांगत नाहीये. मामा, आई, आजी सगळी मोठी माणसं ओटीवर बसलेली असताना एकालाही वाटलं नाही की पोरीच्या हातात दोन मिनिटं रिमोट द्यावा, याचा मला हे लिहितानासुद्धा संताप येतो. पण तो त्यांचा वाटा दादाच्या एकट्याच्या डोक्यावर कशाला? त्याला सांगायचंच असेल तर गावी गेल्यावर दोघंच असताना सांग, आरतीच्या गर्दीत नको, वहिनीसमोरही नको. विहिरीवर जा दोघं.

तो म्हणाला की गाडी माझ्या मुलाला ठेवायची आहे, तर? भांडू नकोस. म्हण की ठेव, पण घर विकायच्या आधी खळ्यात एकदा मी चालवणार. माझं ऐकशील तर यातलं चालवणं जास्त महत्त्वाचं, नेणं नंतर.

आणि चालवायची असेल तर माळ्यावरून काढली की लगेच बॅटरी जोडू नका, दादाला हे आधीच सांग, पुरुषांना घाई असते. जुनी 7.2 व्होल्टची निकेल-कॅडमियमची बॅटरी आता संपलेली आहे, ती चार्जिंगला अजिबात लावायची नाही, कॅडमियम विषारी असतं म्हणून कचऱ्यातही टाकायची नाही, पिशवीत घालून डोंबिवलीला आण आणि ई-कचरा घेतात तिथे दे. गाडीत किंवा रिमोटमध्ये पेन्सिल सेल राहिले असतील तर ते फुटून पांढरी-हिरवी पूड झाली असणार, हातमोजे घालून, जुन्या टूथब्रशला व्हिनेगर लावून सेलला टेकणारे पत्रे घास, मग पुसून कोरडं कर. पत्रा काळा पडून खाल्ला गेला असेल तर जोर करू नकोस, तुटतो. मग मागची चाकं हाताने फिरवून बघ. गिअरबॉक्समधलं ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखं झालेलं असतं, अडलं तर उघडून साफ करून नवं थोडंसं लावायचं. टायरना चिरा असतील, असू देत. वेग कमी-जास्त करणारं यंत्र जुन्या पद्धतीचं आहे, पत्र्यावरून सरकणारी पट्टी आणि बाजूला रेझिस्टर, तो रेझिस्टर चालवल्यावर चटका देतो, बोट लावू नकोस. आणि कोणी कितीही सांगू दे, यात लिथियमची बॅटरी घालायची नाही, हे यंत्र ती वेळेवर बंद करत नाही, मग बॅटरी खराब होते आणि पेटूही शकते. साधी निकेल-मेटल हायड्राइडची 7.2 व्होल्टची, तोच पांढरा कनेक्टर असलेली, तुझ्याकडे बाकीच्या गाड्यांची असेलच.

बंपरची तार काढू नकोस हं. नवा बंपर मिळतो, मला माहीत आहे, तरी नको. गिअरबॉक्सच्या खाचेत तांबडी माती बसली असेल तीही आतल्या दात्यांना लागत नसेल तिथे राहू दे.

गावच्या दुकानात ऐन चतुर्थीत सेल मिळतीलच याचा भरवसा नाही, आणि त्या काळच्या रिमोटला आठ लागतात, म्हणून आठ नवे पेन्सिल सेल आणि चार्ज केलेली बॅटरी डोंबिवलीहूनच पिशवीत टाक. नवऱ्याला म्हण पिशवी तू धर.