सरकारी हेलिकॉप्टरला डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम लागू होतात का?

जुहूवरून मंत्र्यांना घेऊन उडणारं राज्य सरकारचं हेलिकॉप्टर तपासतं कोण, असा प्रश्न आहे. आधी शेपटीकडचा नोंदणी क्रमांक बघा. 'व्हीटी'ने सुरू होत असेल तर ते नागरी विमान, मालक सरकार असलं तरी. म्हणजे वैमानिकाचा परवाना, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, दुरुस्ती करणाऱ्या संस्थेची मान्यता, सगळं डीजीसीएकडे. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरची नौदलाची हेलिकॉप्टरं मात्र या चौकटीबाहेर. त्यांची व्यवस्था लष्करी.

अपघात झाला तर तपास एएआयबी, म्हणजे केंद्राचा विमान अपघात तपास विभाग, करतो. 25 मे 2017 ला निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं सिकॉर्स्की हेलिकॉप्टर कोसळलं, तेव्हाही तपास त्यांच्याकडेच गेला.

खरी गोम कागदात नाही, वजनात असते. मे महिन्यातल्या चाळीस अंशांत हवा विरळ होते, रोटरला, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांना, उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. मुंबईत सकाळी सहज पेलणारं वजन दुपारी मराठवाड्यातल्या धुळकट मैदानावरून उचलेलच असं नाही. म्हणून प्रत्येक टेक-ऑफआधी इंधन, माणसं, बॅगा धरून हिशेब नव्याने करायचा. ऐनवेळी 'साहेबांसोबत अजून एक जण' आला की हाच हिशेब पहिला कोलमडतो. अशा वेळी नाही म्हणण्याचा अधिकार वैमानिकाचा, स्वीय सहायकाचा नव्हे.